इरल्याचा पक्ष आणि माझी दुमड

मुळशीच्या गावकीने एकेकाळी जिच्यावर बसून गावचे निवाडे केले, ती सतरंजी मीच. आता मला सतरंजी म्हणायचे की चिंधी, ते तुम्ही ठरवा. माझे निळे आणि तांबडे पट्टे सारखेच मळकट झाले आहेत. एक कड उंदरांनी खाल्ली आहे आणि मधोमध विड्यांनी जळलेली भोके आहेत. तरी मित्रांनो, थोडा वेळ माझ्याजवळ बसा. मी जन्मभर माणसांच्या खाली पडून राहिले. खाली पडलेल्याला वरचे पुष्कळ ऐकू येते.

माझा जन्म तुरुंगात झाला. हसू नका. पुण्याच्या मोठ्या तुरुंगात तेव्हा कैद्यांकडून सतरंज्या विणून घेत. ज्याने मला विणले त्याच्या हातून काय गुन्हा घडला होता, ते मला ठाऊक नाही. त्याने मला घट्ट विणले एवढे मी सांगू शकते. धागे दाबायचा लोखंडी पंजा तो असा ठोकायचा की दोन धाग्यांमध्ये सुई शिरू नये. विणून झाल्यावर त्याने मला अंगणात उलगडले आणि सोबतच्या कैद्यांना माझ्यावर बसवून पाहिले. कुठे ताण येतो का, कुठे सुरकुती पडते का, हे तो वाकून बघत होता. त्या दिवशी मी या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी होते.

देश स्वतंत्र झाला, पहिली मोठी निवडणूक आली. बाहेरगावचे पाहुणे येऊन भाषणे करणार, त्यांना घोंगड्यांवर कसे बसवायचे, म्हणून गावकीने मला विकत घेतले. बैलगाडीतून पौडवरून मी मुळशीला आले. भैरवनाथाच्या देवळाच्या ओसरीत वाशाला दोर बांधून मला टांगून ठेवत. बैठक असली की खाली काढत.

बैठक घालायचा मान गेणबाच्या घराण्याचा होता. आधी त्याचा बाप मला पसरत असे, मग गेणबा पसरू लागला. मी लांबलचक होते. गावकीचे सगळे बसले तरी माझे एक टोक उरायचे. ते टोक गेणबा आतल्या बाजूला दुमडून टाके. बापाने तसेच शिकवले होते. डोंगरातल्या वाडीचे कातकरी बैठकीला येत, डोक्यावरच्या मोळ्या उतरवत आणि माझ्या दुमडीच्या पलीकडे मातीवर बसत. त्यांना कोणी 'वर बसू नका' असे म्हणत नसे. म्हणायची वेळच येत नसे. दुमड दिसली की त्यांना आपली जागा कळत असे.

आणखी एक रीत होती. माझ्यावर जो बसला त्याचाच शब्द गावचा शब्द. एखादे काम कोणी अंगावर घ्यायचे ठरले की विड्याचे तबक माझ्यावरून फिरे. ज्याला काम घ्यायचे असेल तो विडा उचले. तबक दुमडीपर्यंत येई आणि तिथून मागे फिरे. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटत नसे. मी मानाची वस्तू आहे, माझ्यावर मोठी माणसे बसतात, याच तोऱ्यात मी होते.

मग ती दोन वाईट वर्षे आली. आमच्या भागात पाऊस कोसळतो तो छपरे उडवून नेणारा. पण त्या वर्षी आला तो शिंपडल्यासारखा आला आणि गेला. तरव्यातली भाताची रोपे खाचरात जाण्याआधीच करपली. दुसऱ्या वर्षीही तेच. गावची चांगली खाचरे तर कधीच धरणाच्या पाण्याखाली गेली होती. समोर धरणाचे पाणी चकाके, त्याच्या विजेवर दूर मुंबईत दिवे लागत, आणि आमच्या गावात चिमणीला रॉकेल मिळत नसे. जे थोडे भात हाती आले त्यावर सरकारची लेव्ही, म्हणजे सक्तीची धान्यवसुली, होती. आंबेमोहर पिकवणारी माणसे पौडच्या रेशन दुकानापुढे परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीसाठी रांगेत उभी राहू लागली.

गेणबाही रांगेत गेला. पण तो डोक्यावरून घोंगडी घेऊन गेला. पुढची गोष्ट मी गेणबा आणि कान्हू या दोघांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की मीच त्या रांगेत होते असे मला वाटते. कान्हू हा वाडीचा कातकरी. दरसाल गेणबाच्या खाचरात लावणीला यायचा. रांगेत तो गेणबाच्या मागेच उभा होता.

"घोंगडीत कोन हाय रं?" कान्हूने विचारले. "ताप आलाय का?"

"व्हय, ताप हाय," घोंगडीतून आवाज आला.

"मग ह्यो ताप आंबेमोहराच्या पेजंनं जायाचा. मिलोनं न्हाई उतरायचा."

सगळी रांग हसली. गेणबाने घोंगडी खाली ओढली. त्याचे डोळे भरले होते.

"लाज वाटती रं कान्हू. भात पिकवनारा मानूस मी."

"तुमच्या भुकंला लाज तरी हाय, पाटील. आमच्या भुकंला ती बी न्हाई. तिला कुनी इचारतच न्हाई."

"पाटील म्हनू नगंस. दादा म्हन."

दोघे आपापली पिशवी खांद्यावर टाकून पौडहून चालत निघाले. घाटाच्या चढापर्यंत त्यांचे ठरले होते की आता आपणच काहीतरी उभे करायचे. मित्रांनो, त्या दिवसांत ठिकठिकाणी असे नवे पक्ष उगवत होते. जुन्या पुढाऱ्यांच्या मोटारी धूळ उडवत येत आणि धूळ उडवत जात, मागे पोत्यात काही पडत नसे. गेणबा आणि कान्हूने आपल्या पक्षाचे नाव ठेवले 'मुळा खोरे कष्टकरी पक्ष'. एवढे लांब नाव कोणाच्या जिभेवर बसेना. गेणबाची बायको गोजराबाई हिने आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा झेंडा शिवला आणि त्यावर चुन्याने इरले काढले. भातलावणीला वाकताना पाठीवर घ्यायचे, बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे ते इरले. मालक असो की मजूर, चिखलात उतरला की सगळ्यांच्या पाठीवर इरलेच. त्यावरून लोक म्हणू लागले, 'इरल्याचा पक्ष'.

गावातले बडे प्रस्थ हैबतराव यांना तो झेंडा पाहून हसू आवरेना.

"पाऊस न्हाई, पानी न्हाई, आन् ह्यांनी इरलं काढलंय! कुनाच्या डोस्क्यातनं आलं गा हे?"

"पाऊस यायच्या आदीच शिवत्यात इरलं, हैबतराव," गोजराबाई झाडू मारता मारता म्हणाली. "भिजल्यावर शिवून काय उपेग?"

पक्षाची पहिली बैठक देवळापुढे होती. गेणबाने मला खाली उतरवले आणि उलगडत उलगडत टोकापाशी आला. सवयीने त्याचा हात वळला. मग तो थांबला आणि मोठ्याने म्हणाला, "आज दुमड घालायची न्हाई."

त्याने मला शेवटपर्यंत पसरले. इतकी वर्षे आत दबलेल्या माझ्या टोकाला ऊन लागले. तिथले रंग अजून नवे होते. बाकीच्या अंगाशी ते जुळतही नव्हते. कान्हू येऊन बसला. त्याच्यामागून वाडीचे लोक एकेक करून बसले. कान्हूची म्हातारी आई फुलाबाई मात्र काठाशी उभी राहिली.

"न्हाई रं बाबा, माजं पाय मळल्यात."

"सतरंजी धुता येती, आत्ये. बस," गेणबा म्हणाला.

ती टेकली. अर्धी माझ्यावर, अर्धी मातीवर. बसल्यावर तिने तळहाताने माझी एक सुरकुती सारखी केली, जशी लेकराच्या अंगावरची गोधडी सारखी करावी. माझ्या आयुष्यात एवढा चांगला दिवस दुसरा आला नाही.

त्या बैठकीत ठरले की पंचायत समितीच्या निवडणुकीला इरल्याकडून कान्हू उभा राहील. नाव गेणबानेच सुचवले. गावात रेशनचे दुकान यावे, लेव्ही कमी व्हावी, वाडीला वाट व्हावी, या पक्षाच्या मागण्या. "ज्येला रांगंत शेवटचं उभं करत्यात, त्येलाच पुढं धाडू," गेणबा म्हणाला. सगळ्यांनी हात वर केले. मोठ्या बैठकीत चार गावांसमोर कान्हूने विडा उचलायचा, असे नक्की झाले. कान्हू नुसता मान खाली घालून हसत राहिला.

पक्ष भराभर वाढला. धरणाच्या काठाकाठाने खोपटांवर हिरवे झेंडे दिसू लागले. वारे कुठून वाहते आहे ते हैबतरावांना कळले. मोठ्या बैठकीच्या आदल्या दिवशी ते ओसरीवर आले. मी वरती वाशाला टांगलेली होते.

"गेणबा, आमी बी तुमच्यात येतो म्हनतो."

"या की, हैबतराव." गेणबाला आनंद लपवता येईना. हैबतरावांच्या शब्दावर पुष्कळ घरांची मते पडत.

"उद्या चार गावची मान्सं यायची हायेत. बैठक जरा नीट घाल."

एवढे बोलून ते गेले. 'नीट' म्हणजे काय, हे त्यांनी सांगितले नाही आणि गेणबाने विचारले नाही.

सकाळी गेणबाने मला पसरायला घेतले. टोकापाशी आल्यावर तो टोक हातात धरून उभाच राहिला. गोजराबाई सडा घालत होती.

"आवं, असं बघताय काय? पसरा की."

"चार गावची मान्सं येनार हायेत."

"मग?"

"त्यास्नी समद्यांनी संगं बसायची सवं न्हाई. यक दिसाचा तर परश्न हाय. इड्याच्या टायमाला मी कान्हूला हाक मारून पुढं घेईन."

आणि त्याने टोक आत दुमडले. वरून हात फिरवून दाबलेसुद्धा. गोजराबाईने हातातले पाणी तिथेच ओतले आणि निघून गेली.

वाडीचे लोक आले ते अंघोळी करून, धुतलेले कपडे घालून. कान्हूने अंगात पांढरा सदरा घातला होता. तो सगळ्यांच्या पुढे होता. तो काठापर्यंत आला, त्याने पाय उचलला, आणि त्याला दुमड दिसली. उचललेला पाय त्याने मागे घेतला. मागे वळून तो आईला म्हणाला, "बस आये, हितंच." तो मातीवर बसला, म्हणून सगळे मातीवर बसले. फुलाबाईने माझ्याकडे पाहिले, मग आपल्या पायांकडे पाहिले. ते तिने आज घासून धुतले होते.

हैबतराव बोलले, इतरही दोघेतिघे बोलले. खूप टाळ्या पडल्या. मग तबक फिरले. हैबतरावांपुढून ते गेणबापुढे आले. तो हाक मारणार म्हणून मी अंग ताणून राहिले. त्याचे तोंड उघडले होते. त्याने चार गावच्या फेट्यांकडे पाहिले, दुमडीकडे पाहिले, आणि तोंड मिटून तबक पुढे दिले. तबक धरणारा दुमडीपर्यंत गेला आणि रिवाजाप्रमाणे वळला. कान्हूचा हात गुडघ्यावरून थोडासा उठला होता. तो पुन्हा गुडघ्यावर गेला.

"कुनीच उचलंना व्हय?" हैबतराव म्हणाले. त्यांचा पुतण्या जयसिंग शेजारी बसला होता. "जया, उचल मग. पक्षाचं काम आडाया नगं."

जयसिंगाने विडा उचलला. लोकांनी 'इरल्याचा विजय असो' म्हटले. कान्हू गेणबाकडे बघत होता. रागाने नव्हे, नुसता बघत होता. गेणबाची मान खाली होती आणि तो नखाने माझा काठ कुरतडत होता. मित्रांनो, मी वस्तू आहे, मला उठता येत नाही. गेणबाला उठता येत होते.

माणसे पांगल्यावर मला गुंडाळायला तो एकटाच उरला. गोजराबाई येऊन दुसरे टोक धरून उभी राहिली.

"इरल्यात दोन मान्सं मावत न्हाईत," ती म्हणाली, "म्हून पयलं कान्हूलाच भाईर काढलंसा व्हय?"

दुमड उलगडून गुंडाळायची असते. गेणबाने ती तशीच आत ठेवून मला गुंडाळले.

निवडणूक झाली. वाडीवरची सगळी मते इरल्यालाच पडली. कान्हूने पक्षाला तसा शब्द दिला होता आणि तो त्याने पाळला. जयसिंग निवडून आला. रेशनचे दुकान गावात आले, ते हैबतरावांच्या पडवीत आले. वाडीचे लोक रांगेत शेवटी उभे राहायचे ते तसेच राहिले, फक्त पौडला जायचा हेलपाटा वाचला. वाडीच्या वाटेचे कोणी नाव काढले नाही. पुढच्या पिकाआधीच काका-पुतणे सत्तेतल्या पक्षात गेले आणि इरल्याचे झेंडे शेतात बुजगावण्यांच्या अंगावर दिसू लागले. ओसरीवर एकदा गेणबाने हैबतरावांना गाठले.

"तुमच्यापायी मी त्या दिशी दुमड घातली," तो म्हणाला.

हैबतराव खळखळून हसले. "माझ्यापायी? मी कवा म्हनलं दुमड घाल? सतरंजी उघडी असती तर मी काय उठून गेलो असतो? आरं, मला तुमचा झेंडा पायजे हुता. कोन कुटं बसतंय ह्येच्याशी मला काय करायचंय?"

गेणबा ओसरीच्या खांबाला टेकून खाली बसला. त्याच्यावर कोणी जबरदस्ती केली असती तर त्याला बरे वाटले असते. पण कोणी काही मागितलेच नव्हते. आपण होऊन त्याने आपल्या दोस्ताला बाहेर बसवले होते.

ओसरीवर नंतर बैठका झाल्या, पण मला पसरायला गेणबा येईना. रानात गुरे नेतानाही तो वाडीची वाट टाळून लांबच्या वाटेने जातो, असे लोक माझ्यावर बसून बोलत. चांगला पाऊस होऊन गेला, भाताची कापणी उरकली, तेव्हा एका सकाळी तो आला. त्याने मला वाशावरून सोडवले, खांद्यावर टाकले आणि डोंगर चढू लागला. मी जड होते. वाटेत त्याने मला कुठेही टेकवले नाही.

वाडीच्या अंगणात कान्हू जाळे विणत बसला होता. त्याने वर पाहिले.

"या, पाटील."

तो शब्द गेणबाला कसा लागला, ते त्याच्या खांद्यावरून मला कळले. त्याने मला अंगणात शेवटपर्यंत उलगडले. टोकाची दुमड इतके दिवस दबून राहिल्याने सरळ होईना. गुडघे टेकून त्याने ती दोन्ही हातांनी सरळ केली.

"बसा," तो म्हणाला. "समदी बसा."

बायका दारातून बघत राहिल्या. कोणी हलले नाही.

"दुमडीचं काय वाटलं न्हाई," कान्हू म्हणाला. जाळ्यावरचे त्याचे हात चालूच होते. "ती आमी जल्मल्यापास्नं बघतोय. तू उठला न्हाईस, त्येचं वाटलं. येक शबूद बोलला नसतास तरी चाललं असतं, दादा. नुसता उठला असतास."

गेणबाने दुमडीवरून पुन्हा हात फिरवला. मग तो म्हणाला, "आता म्या काय करू, कान्हू?"

"मला काय ठावं? मी काय द्येव हाय?" कान्हूने जाळे बाजूला ठेवले. "सतरंजी ऱ्हाऊ दे. नाचनी वाळत घालाया व्हईल."

गेणबा रिकाम्या खांद्याने उतरून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत कान्हू वाटेकडे बघत होता. गावकीने मला कधी परत मागितले नाही. वाडीवर राहिलेली सतरंजी पुन्हा देवळात कशाला, असे कोणीतरी म्हणाले म्हणे. गावात नवी आली.

मी वाडीचीच झाले. माझ्यावर नाचणी वाळली, मोहाची फुले वाळली, पोरे लोळली, कुत्रीने पिल्ले घातली. कान्हू तर दिवसभर दमून आला की माझ्यावर आडवा पडून घोरायचा. पण फुलाबाई कधी बसली नाही. ती रोज संध्याकाळी माझ्या काठाशी मातीवर येऊन बसे आणि एक तळहात माझ्यावर ठेवी. सुरकुती दिसली की सारखी करी. सुना म्हणत, "म्हातारे, वर बस की, कोन हाय हितं अडवाया?"

"बसले व्हते येकदा," ती म्हणे.

ती गेली त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली. माझ्या काठावर तिचा हात जिथे असायचा तिथला पट्टा अजून थोडा गुळगुळीत आहे. तिथे ऊन पडले की मला लाजेने अंग चोरावेसे वाटते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला जपा, असे सांगायचा मला हक्क उरलेला नाही. मला धुऊ नका, ठिगळही लावू नका, माझे दिवस सरले आहेत. पण उद्या शाळेत, देवळात, लग्नात, नाहीतर तुमच्या एखाद्या नव्या पक्षाच्या बैठकीत सतरंजी पसरायचे काम तुमच्याकडे येईल. तेव्हा टोक हातात धरून विचार करत उभे राहू नका, ते शेवटपर्यंत पसरा. दुसऱ्या कोणी दुमड घातली असेल आणि काठाशी आलेल्या माणसाने उचललेला पाय मागे घेतला, तर भाषण करू नका, कोणाची वाट पाहू नका. बसल्या जागेवरून उठा.